कोरड्या बोअरचा धनी

भोक ही बाजारातली बहुधा एकमेव वस्तू, जी नापसंत पडली तर परत करता येत नाही. साडी बदलून मिळते. पेटीतला आंबा डागी निघाला तर पेटीवाल्याशी दोन दिवस भांडता येतं. पण जमिनीत दोनशे फूट बोअर मारून झाल्यावर "ही नको, जरा दुसरी दाखवा" म्हणायची सोय नाही. त्यातून हा माल असा, की तळाशी काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही, आणि तरी दोघं फुटाच्या भावावरून तासभर घासाघीस करतात. सदाशिव पेठेत कोथिंबिरीच्या जुडीलाही पूर्वेतिहास विचारला जातो. तिथे हा धंदा करायला येणाऱ्या माणसाच्या छातीचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे.

आमची सोसायटी खजिना विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी वाडा होता, आता चार मजले आहेत. भांडणं वाड्याच्या वेळचीच चालू ठेवली आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे अभियंता काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, मुलगी जर्मनीत. दर वर्षी ते तिच्याकडे जाऊन येतात आणि येताना एक कल्पना घेऊन येतात. एका वर्षी कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांची कल्पना आणली. डबे आजही जिन्याखाली आहेत. निळ्यात खजिनदारांच्या नातवाची बॅट असते. या खेपेला त्यांनी भूगर्भातली उष्णता आणली.

सभेत त्यांनी समजावून सांगितलं ते असं. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की बारा महिने तापमान जवळपास हलत नाही. त्या गावाची जी वर्षाची सरासरी, तेवढंच असतं. पुण्यात पंचवीस-सव्वीस अंश धरा. एप्रिलात वर चाळीस, खाली सव्वीस. मग एसीने खोलीतली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत ढकलायची कशाला? बोअर मारायची, तिच्यात इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला पाइप सोडायचा, त्यातून पाणी फिरवायचं आणि उष्णता जमिनीच्या पोटात घालायची. विजेचं बिल चांगलंच उतरतं. तिकडे हिवाळ्यात हेच उलटं करून घरं गरम ठेवतात.

"म्हणजे तळघर थंड असतं, तसंच ना?" तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं. "आपल्या वाड्याला तळघर होतं की. तुम्हीच पाडलंत."

हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये असं सचिवांनी मला सांगितलं. (इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. लेखक माणसाला सोसायटीत दुसरं काम देत नाहीत.)

सचिवांना थंडाव्यात रस नव्हता. गच्चीवरच्या सोलरवर कबुतरांनी वस्ती केल्यापासून त्यांना आंघोळीच्या गरम पाण्याची चिंता आहे. "अजून खोल गेलं तर थेट गरम पाणीच नाही का मिळणार?" काकांनी लगेच खिशातून पेन काढलं. जगाची सरासरी दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश. म्हणजे आंघोळीपुरतं कढत पाणी हवं तर अर्धा किलोमीटर, चहाचं आधण हवं तर अडीच-तीन किलोमीटर. पेरूगेटापासून पुणे स्टेशन साधारण तेवढंच असेल, फक्त ते आडवं आहे. आणि ही जगाची सरासरी झाली. आपला दख्खनचा भूभाग जुना, निवलेला. आपल्याला त्याहून खोल जावं लागेल. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता, तेव्हा फुकटात भागलं असतं, पण तेव्हा सोसायटीची नोंदणी झालेली नव्हती.

"मग वज्रेश्वरीला कसं वरच्या वर येतं?"

वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, संगमेश्वराकडचं तुरळ, राजवाडी, आणि इकडे खानदेशात उनपदेव, नांदेडात उनकेश्वर. या सगळ्या ठिकाणी जमिनीला खोलवर भेगा आहेत. पाणी त्यातून खाली जातं, तापतं आणि वर येतं. भेग ही देवाने मारलेली बोअर. "कोकणातल्यांना सगळं फुकट," आजी म्हणाल्या. "आंबे फुकट, मासे फुकट, वर आंघोळीचं पाणीसुद्धा!" हेही इतिवृत्तात घेतलं नाही, कारण अध्यक्षांचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात आहे.

काका मात्र पेटले होते. देशात गरम झऱ्यांच्या तीनशेहून जास्त जागा नोंदलेल्या आहेत, त्यांतून 10,600 मेगावॅट वीज निघू शकेल असा अंदाज आहे, केंद्र सरकारने 2025 मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं धोरणही जाहीर केलं. इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले होते. "पाच," खजिनदार म्हणाले. "आपल्या जिन्यात तेवढेच आहेत." त्यातले दोन चालू आहेत, ही माहिती सोसायटीतल्या वकिलांनी पुरवली.

तर असं करून चार बोअरींचा ठराव झाला, आधी एक मारून बघायची असं ठरलं, आणि कंत्राटदार निवडण्यासाठी उपसमिती नेमली गेली. त्या क्षणापर्यंत विषय विज्ञानाचा होता. उपसमिती नेमली की विषय माणसांचा होतो.

पहिला आला तो एजंट. या धंद्यात हा प्राणी सगळ्यात आधी भेटतो. याच्याकडे रिग नसते, कॉम्प्रेसर नसतो, एक रॉडसुद्धा नसतो. असतो तो फोन, आणि फोनमध्ये कारंज्यांचे व्हिडिओ. बोअरमधून ताडमाड पाणी उसळतंय, खाली माणसं न्हाऊन निघताहेत, कोणीतरी नारळ फोडतंय. आम्ही ओळीने चौदा-पंधरा कारंजी पाहिली. कोरड्या बोअरचा व्हिडिओ कुणी काढत नाही. तिथे नुसती धूळ उडते आणि मालक घरात निघून जातो.

दर फुटावर. तीनशे फुटांपर्यंत एक भाव, पुढे दर शंभराला चढता. हे रास्तच आहे. हॅमर हवेच्या दाबावर चालतो. जितकं खोल जावं तितकी हवा जास्त लागते, डिझेल जास्त जळतं, रॉड काढाघालायला वेळ जातो. वरच्या मातीला केसिंग, त्याचे पैसे वेगळे. केसिंगचा पाइप सहा किलोचा की आठ किलोचा, असं एजंटाने विचारलं, तेव्हा खजिनदारांनी आठ किलो सांगितलं आणि घरून ताणकाटा आणून ठेवला. तो किलो दाबाचा असतो, वजनाचा नसतो, हे काकांनी त्यांना नंतर बाजूला घेऊन सांगितलं. ताणकाटा मात्र काम संपेपर्यंत टेबलावर होता. कंत्राटदारावर वचक राहतो म्हणे.

"आणि कोरडी गेली तर?" हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो आणि प्रत्येक एजंटाचं उत्तर तयार असतं. यानेही दोन्ही हात वर केले. "ते नशीब, साहेब."

"नशिबावर जीएसटी किती?" वकिलांनी विचारलं.

इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग काकांनी शांतपणे सांगितलं, की आम्हाला पाणी नकोच आहे. कोरडी गेली तरी चालेल.

एजंटाने चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यात त्याला पाणी मागणारे भेटले होते, भरपूर पाणी मागणारे भेटले होते. पाणी नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"पाणी नको? मग बोअर कशाला?"

"उष्णतेसाठी."

त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि त्याला काहीतरी उमगल्यासारखं झालं. आवाज उतरवून तो म्हणाला, "साहेब, खजिन्याचं काम असेल तर आपण करत नाही. मागाहून पोलिसांचं लचांड लागतं." खजिना विहिरीच्या शेजारी राहून रिकामी बोअर मागणाऱ्या माणसांबद्दल दुसरं काय वाटणार? तो गेला तो गेलाच. त्याचे कारंज्यांचे व्हिडिओ मात्र सोसायटीच्या ग्रुपवर अजून येतात.

मग पश्चिमेकडच्या उपनगरातून एक सल्लागार आला. लॅपटॉप, पाण्याची स्वतःची बाटली, आणि पहिल्याच चित्रात आइसलँड. त्याने कंत्राटाचे तीन प्रकार सांगितले आणि हा माणूस मला आवडला, कारण त्याने धंद्यातलं गुपित बोलता बोलता उघड केलं. पहिला प्रकार दिवसाच्या भाड्याचा. रिग तुमच्या दारात उभी, खडक मऊ लागो की कठीण, हॅमर अडको की ऑपरेटर जेवायला जावो, भाडं चालू. दुसरा फुटाचा किंवा मीटरचा. जितकं खोदलं तितके पैसे, त्यामुळे कंत्राटदाराला घाई आणि तुम्हाला धास्ती. तिसरा एकरकमी: ठरलेली खोली, ठरलेलं काम, मध्ये काहीही निघालं तरी त्याचं ओझं कंत्राटदारावर. हा आकडा पहिल्या दोहोंच्या मानाने इतका मोठा होता, की खजिनदारांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे खाली काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही," ते म्हणाले, "आणि तुमच्या या माहीत नसण्याचे पैसे आम्ही द्यायचे."

"हो," सल्लागार म्हणाला.

त्या संपूर्ण महिन्यात आम्हाला मिळालेलं हे एकमेव सरळ उत्तर. त्यामुळे त्याचं नाव पहिल्या फेरीतच गळलं.

पण गोष्ट खरीच आहे. बोअरचं कंत्राट म्हणजे पाण्याचा, वाफेचा की गारव्याचा सौदा नसतोच. अज्ञान कोणाच्या खात्यावर टाकायचं, एवढाच व्यवहार असतो. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणाऱ्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा, कधी कधी निम्मासुद्धा, नुसत्या बोअरींत जातो, आणि त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या करारांतही शेवटी प्रश्न हाच असतो. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे 2009 साली शास्त्रज्ञ वाफ शोधत साडेचार किलोमीटर खाली निघाले होते. दोन किलोमीटर ओलांडतात न ओलांडतात तोच ड्रिल थेट वितळलेल्या खडकात. आता याचे पैसे कोणत्या दराने लावायचे? लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी 2021 मध्ये करार केला, जवळजवळ साडेचार हजार मीटर उंचीवर रिग चढवली, आणि 2022 मध्ये गरम पाणी असं उसळलं की ते ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. आपल्याकडे कोयनेचा भूकंप समजून घ्यायला गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारली, ती 2017 मध्ये पुरी झाली. वरचा सव्वा किलोमीटर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. तिथे काही मिळवायचं नव्हतं, फक्त जाणून घ्यायचं होतं, म्हणून ती कोरडी गेली असं कुणी म्हणू शकत नाही. असं गिऱ्हाईक देव सगळ्या ड्रिलरांना देवो.

श्टाउफनचा शोध वकिलांनी लावला. वकील दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि कोणत्याही कल्पनेचा बळी कुठे पडला आहे हे त्यांना रात्री अकराच्या आत सापडतं. हे श्टाउफन जर्मनीतलं, काकांच्या मुलीच्या गावापासून फार लांब नाही. जुनं, देखणं गाव. डॉक्टर फाउस्ट म्हणून ज्याने सैतानाशी करार केला, तो इथेच मेला अशी तिथली आख्यायिका. 2007 साली त्यांनी आपल्या नगरभवनाला जमिनीतली उष्णता पुरवायची म्हणून मागच्या अंगणात सात बोअरी मारल्या, प्रत्येकी सुमारे 140 मीटर. काही आठवड्यांत नगरभवनाला तडे जायला लागले. मग शेजारच्या घरांना, मग पलीकडच्या. खाली ॲनहायड्राइट नावाचा थर होता. बोअरीतून त्याला पाणी मिळालं, त्याचा जिप्सम झाला, जिप्सम फुगतो, आणि अख्खं गाव खालून उचललं जायला लागलं. अडीचशेहून जास्त इमारती तडकल्या.

वकिलांनी हे वाचून दाखवलं आणि कागद खाली ठेवून म्हणाले, "सैतानाशी करार केला तो माणूस निदान एकटाच गेला."

काकांचा चेहरा पडला. पण ते अभियंता आहेत, सावरले. आपल्या खाली ॲनहायड्राइट नाही. आपल्या खाली बेसाल्ट आहे. मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या खडक, काळा पाषाण, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, परत काळा पाषाण. यातलं काही श्टाउफनसारखं फुगत नाही.

"काही फुगत नसेल, पण आत जातं," अध्यक्ष म्हणाले आणि सिटी पोस्टाचा विषय निघाला. सप्टेंबर 2024 मध्ये लक्ष्मी रस्त्याजवळ सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक उभ्या जागी जमिनीत गेला होता. तोंड वर करून आकाशाकडे पाहणारा तो ट्रक पुण्यात पाहिला नाही असा माणूस नाही. खाली जुनी विहीर असावी असं तेव्हा बोललं गेलं. आमच्या पेठांच्या पोटात काय काय आहे! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत चुन्या-दगडांचा नळ आणला, वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले, जागोजाग हौद भरले. पंप नाही, नुसता उतार. शेजारच्या पेठांखालून अलीकडे मेट्रोचे बोगदे गेले, ते पोखरणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. वरची वस्ती दाट आहे असं आपण म्हणतो, पण खाली जागा मिळणंही सोपं राहिलेलं नाही. पेठेतल्या ड्रिलरला म्हणूनच खडकापेक्षा इतिहास जास्त माहीत हवा.

कायदाही निघाला. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या पलीकडची विहीर 'खोल विहीर' ठरते, आणि रिगवाल्यांना नोंदणी लागते. वकिलांचं एक मत असं, की कायदा पाण्याच्या विहिरीला आहे, उष्णतेच्या नाही. त्यांचंच दुसरं मत असं, की हे कोर्टात सिद्ध व्हायला वीस वर्षं लागतील. शेवटी काकांनी योजनेतली शंभर मीटरची खोली उतरवून 190 फुटांवर, म्हणजे साठ मीटरच्या आत, आणली. मग तळमजल्यावरच्या दुकानदाराने विचारलं, की उष्णता माझ्या गाळ्याच्या खाली जाणार तर तिच्यावर हक्क कोणाचा. वरच्या मजल्यावरून आवाज आला, की एफएसआय खालच्या दिशेने मोजतात का? इतिवृत्ताचं ते पान मी जपून ठेवलं आहे.

आता खरी निवड. पेठेत कंत्राटदार निवडायची एकच खात्रीची रीत आहे: त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकांना भेटायचं. सचिव आणि मी निघालो. पर्वतीच्या पायथ्याशी एका सोसायटीत अमुक कंत्राटदाराने बोअर मारली होती. ती साफ कोरडी गेली होती. तरी तिथले अध्यक्ष म्हणाले, "माणूस एकदम सज्जन. वेळेवर आला, सगळं धुऊन देऊन गेला. आमचंच नशीब." दुसऱ्याने सहकारनगरात मारलेल्या बोअरला इतकं पाणी होतं की दोन सोसायट्या भागत होत्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "त्याला दारात उभं करू नका. कुरडया वाळत घातल्या होत्या, सगळ्या राखाडी झाल्या." परत येताना सचिव म्हणाले, ज्याची बोअर कोरडी गेली तोच बरा. मी म्हटलं, आपल्याला तर कोरडीच हवी आहे. निवड तिथेच झाली. तीन दरपत्रकांचा नियम होता, म्हणून त्याच सज्जन गृहस्थांनी उरलेली दोन दरपत्रकंही आणून दिली. अक्षर तिन्हींवर एकच, सुवाच्य होतं.

यात मध्ये एक पाणाड्याही येऊन गेला. उंबराचं बेचकं नाही, तळहातावर आडवा नारळ. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्याला काकांनी सांगितलं, की जिथे नारळ अजिबात उभा राहत नाही ती जागा दाखव. पार्किंगच्या कोपऱ्यात त्याने फेऱ्या मारल्या, नारळ आडवाच. जागा पक्की झाली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच, 1972 पासून. जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजायची सोय पुण्यात होते. पण नारळ एकशे एक रुपयांत आणि नारळ आपल्याकडेच राहतो.

रविवारी पहाटे रिग आली. नंबरप्लेट तमिळनाडूची. देशभर बोअरी मारत फिरणाऱ्या रिगा बऱ्याच वेळा नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडे गावाच्या असतात. ते गाव यासाठीच प्रसिद्ध आहे. एक लॉरी रिगची, दुसरी कॉम्प्रेसर आणि रॉडची. बोळात शिरताना काय झालं, किती स्कूटर उचलून ठेवल्या आणि केबलची कोणती वायर कोणाची, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रिगवरचा ऑपरेटर पन्नाशीचा, कृश, अनवाणी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कुणाशी बोलला नाही. हॅमर सुरू झाला तसा खाली कुणाला कुणाचं ऐकू येईना, त्यामुळे सोसायटीत प्रथमच शांतता नांदली. करड्या भुकटीचा फवारा बाहेर पडत होता. दर काही फुटांनी तो माणूस वाकून मूठभर भुकटी उचलायचा, अंगठ्याने तळहातावर घासायचा, रंग बघायचा, टाकून द्यायचा. करडी. परत करडी. मग जरा तपकिरी, लालसर. तिथे त्याने हवा कमी केली आणि कान हॅमरकडे लावला. आवाज बदलला होता म्हणे. आम्हाला तो आधीही धडधडच वाटत होता. काका डायरीत दर दहा फुटांचा रंग लिहून घेत होते, आणि तळमजल्याच्या गॅलरीत आजी बसल्या होत्या, हातात जपमाळ.

दुपारी दीडशे फुटांवर भुकटी थांबली. आधी चिखल आला, मग नळीतून ओकारी आल्यासारखा गढूळ पाण्याचा लोट, आणि मग सरळ कारंजं. पार्किंगमधल्या तीन मोटारी, ठरावाची फाइल आणि खजिनदार भिजले. मांजऱ्या थरात पाणी लागलं होतं. ऑपरेटर दिवसात पहिल्यांदा हसला. "सर, दो इंच पानी! नारियल!"

नारळ आणायला कुणी हललं नाही. आमच्या कार्यादेशात पाणी कुठेच नव्हतं. वकिलांनी तिथल्या तिथे निदर्शनाला आणलं, की मंजुरी कोरड्या बोअरची आहे. हे जादा काम असून त्यास समितीची पूर्वसंमती नाही, सबब त्याचा मोबदला देय नाही. मंजूर खोली 190 फूट असल्याने तिथपर्यंत खोदकाम चालू ठेवायला लावलं. सज्जन कंत्राटदाराने हात जोडले. अडतीस वर्षं या धंद्यात, पाणी लागल्याबद्दल तक्रार ही पहिलीच, म्हणाला. आणि संध्याकाळी त्याने 230 फुटांचं बिल ठेवलं.

खोली रॉड मोजूनच ठरते, रॉड वीस फुटी. ऑपरेटर बारा म्हणाला. काकांची डायरी कारंज्यात लगदा झाली होती. तेव्हा आजींनी जपमाळ पुढे केली. प्रत्येक रॉड खाली गेला तसा त्यांनी एक मणी ओढला होता, आणि शेवटच्या मण्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. दहा. शेवटचा रॉडही पुरता आत गेला नाही, अर्धा वर होता. ऑपरेटरने माळेकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि बिलातले चाळीस फूट मुकाट्याने गेले. दरपत्रकांत, करारात, तीन प्रकारच्या कंत्राटांत नसलेली तपासणी त्या माळेने केली.

खरं वादळ पुढे होतं. काकांच्या योजनेप्रमाणे आता यू पाइप सोडून बोअर बेंटोनाइट आणि सिमेंटने बुजवायची होती. पाणी लागलं ते उलट बरंच, ओल्या खडकातून उष्णता चांगली वाहते, असं ते सांगत होते. पण मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या सोसायटीत, दोन इंच पाणी लागलेली बोअर सिमेंटने बुजवा असं म्हणणाऱ्या माणसाला वैज्ञानिक दृष्टी असेल, दूरदृष्टी नाही. चारी मजल्यांवरच्या बायका खाली उतरल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी बोअरच्या तोंडावर पाटा आणून ठेवला आणि त्यावर स्वतः बसल्या. "बुजवा आता."

विशेष सभा झाली. बोअर पाण्याला द्यायची, उष्णतेला पुढची बोअर मारायची असं ठरलं. पण खजिनदारांनी एक हरकत घेतली. एका बोअरच्या पैशांत पाणी निघालं, आता दुसरीतही निघालं तर ती बुजवायला कोण देणार? मग तिसरी, मग चौथी. उष्णतेचा मुहूर्त लागायचा कधी?

परवा कंत्राटदाराचा फोन आला. रिग पुण्यातच आहे, पुढच्या आठवड्यात दुसरी मारून टाकू का? सचिवांनी फोन कानापासून दूर धरून आमच्याकडे पाहिलं, आम्ही वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी मान हलवली.

"मारा," सचिव म्हणाले, "पण या वेळी कोरडी निघेल अशी लेखी हमी द्यायची. स्टॅम्प पेपरवर."